औषधवाला असं म्हणालाच नव्हता

“औषधवाला म्हणाला नाही, मास्तर म्हणाले नाहीत. मग म्हणालं कोण? भिंत म्हणाली?”

“हळू बोला. खालच्या मजल्यापर्यंत जातंय.”

“जाऊ दे की. त्यांनाही विचारतो. त्यांच्यापैकी कोणी म्हणालं असेल तर तेवढंच कोडं सुटेल.”

वहिनी ओट्याशी उभी राहून मटार सोलत होती. तिनं सालं भांड्यात टाकली आणि दाणे कचऱ्यात, मग ते लक्षात आल्यावर दाणे गुपचूप वेचून घेतले. नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. बूट अजून पायातच होते आणि हातात औषधांची पिशवी होती. बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज हळूहळू कमी होत गेला. तिथे आक्का बसल्या होत्या, नवऱ्याची थोरली बहीण.

“माझ्या गोळ्या मिळाल्या का रे?” त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं.

“मिळाल्या.”

“मग त्या इकडे दे आणि भांडा सावकाश. मी काही ऐकत नाहीये.”

नवरा जागचा हलला नाही. “दुकानात गर्दी होती,” तो वहिनीला म्हणाला. “तरी मी थांबलो. म्हटलं, या माणसाचे आभार मानायला हवेत. तुमच्या सूचनेनं फिल्मचा शेवट सुधारला, असं म्हणालो त्याला. दार उघडतं तिथेच थांबवलीय. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. म्हणाला, अहो, मी तर उलटं म्हणालो होतो, दार उघडल्यावर बाई आत येताना दिसायला हवी. सगळेच तसं म्हणाले होते, म्हणे. वहिनींनी सांगितलं नाही का, म्हणे.”

“विसरला असेल तो.”

“बरोबर. तो विसरला. मग मी मास्तरांना फोन केला, तर तेही विसरले. अख्खं मंडळ विसरलं आणि तुला एकटीला तेवढं आठवतंय.”

यावर वहिनीनं मटाराची पुढची शेंग घेतली.

वहिनी हे तिचं घरातलं नाव नव्हे. घरात ती ‘आई’ होती आणि ‘अगं’ होती. दाताच्या दवाखान्यात ती पुढच्या टेबलावर बसायची, तिथे ‘मॅडम’ होती. वहिनी ती वर्षातून एखाद-दुसऱ्या रविवारी दुपारी व्हायची, पडद्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत. पण झालं ते सगळं त्या खोलीपायी झालं, तेव्हा तिला वहिनीच म्हटलेलं बरं.

त्या खोलीत एक मंडळ भरत असे. डझनभर माणसं, आपापली कामं सांभाळून छोट्या फिल्मा करणारी. या फिल्मांत गोष्ट नसे, गाणं नसे, बहुतेक वेळा माणूसही नसे. एकात पंखा फिरे. एकात जिन्यावरचा उजेड सकाळपासून संध्याकाळपर्यंत सरकत जाई. बाहेरच्या जगात कोणी अशा फिल्मा फुकट दाखवल्या तरी बघणार नाही हे मंडळींना ठाऊक होतं, म्हणून ती एकमेकांच्या बघत आणि मग त्यावर बोलत. बोलण्यासाठीच तर सगळे जमत. मंडळ चालवणारे मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते.

सुरुवातीला फिल्म करणारा खोलीतच बसायचा. कोणी दोन शब्द बोललं की तो दहा शब्दांनी परतवायचा: तुम्हाला कळलंच नाही, तुम्ही नीट बघितलंच नाही, तुमची बघायची तयारीच नाही. एकदा गळक्या नळाच्या फिल्मवरून चष्म्याचा दुकानदार आणि एक पोस्टमन एकमेकांच्या कॉलरपर्यंत पोचले आणि चहाचा कप प्रोजेक्टरवर उपडा झाला. त्या दिवशी मास्तरांनी नियम केला. ज्याची फिल्म, त्यानं त्या रविवारी यायचं नाही. घरातलं एक माणूस ऐकायला पाठवायचं. त्या माणसानं फक्त ऐकायचं. बोलायचं नाही, लिहून घ्यायचं नाही, घरी जाऊन तोंडी सांगायचं. बाकीच्यांनी फिल्म करणाऱ्यापाशी नंतर तो विषय काढायचा नाही. जेवढं घरापर्यंत पोचेल तेवढं कामाचं, वाटेत सांडेल ते सांडायच्याच लायकीचं, असं मास्तरांचं म्हणणं.

वहिनीच्या नवऱ्याला हा नियम पहिल्या दिवशीच पटला. तो हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. एक्स-रे काढणाऱ्यानं पेशंटला काही सांगायचं नसतं. समोर मोडलेलं हाड स्वच्छ दिसत असलं तरी ‘डॉक्टर सांगतील’ एवढंच म्हणायचं असतं. बघणारा एक आणि सांगणारा दुसरा, यात त्याला काही वावगं वाटलं नाही. मुलगी तेव्हा शाळेत होती आणि आक्का अजून राहायला आल्या नव्हत्या. राहता राहिली वहिनी.

पहिली फिल्म होती ‘वाळत’. दोरीवरचे ओले कपडे आणि ते वाळेपर्यंतचा वेळ. वहिनीनंच ते कपडे धुतले होते आणि वाळत घातले होते, त्यामुळे पडद्यावर ते बघताना तिला मध्येच उठून चादर सरळ करावीशी वाटली. उजेड लागल्यावर मंडळी बोलायला लागली. हा सिनेमा नाही, हा पंचनामा आहे. बघण्यासारखं यात काही नाही आणि वाळण्यासारखंही फार नाही. एक गृहस्थ तर झोपले होते. त्यांना उठवून मत विचारलं तेव्हा त्यांनी ‘शांत वाटलं’ असं सांगितलं. वहिनी शेवटच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली.

घरी पोचली तेव्हा नवऱ्यानं टेबलावर ताटं मांडून ठेवली होती आणि पेल्यांत पाणीही भरलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पाणी त्यानं कधी भरलं नव्हतं. तो खुर्चीच्या टोकावर बसला होता. दवाखान्यात असे लोक ती रोज बघायची.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, जरा लांबलीय. निम्मी केलीत तर बरी होईल.”

हे कोणी म्हणालं नव्हतं. मंडळाचं मत ती अख्खी फेकून द्यावी असं होतं. निम्मी करावी असं वहिनीला वाटलं होतं, बघता बघता, चादरीचा एक कोपरा वाऱ्यानं उलटला तिथे.

नवऱ्यानं बराच विचार केला. मग विचारलं, “कोण म्हणालं?”

हा प्रश्न येईल असं तिला वाटलंच नव्हतं. डोळ्यांसमोर जो पहिला चेहरा आला तो तिनं पुढे केला. “तो औषधवाला.”

झालं. एवढीच सुरुवात.

खोटं बोलायची तिला हौस नव्हती. दवाखान्यात मात्र ती दिवसभर हेच करायची आणि त्याला कोणी खोटं म्हणत नसे. आत डॉक्टर म्हणायचे, हा दात गेलाय, काढून टाकू. बाहेर ती पेशंटला सांगायची, डॉक्टरांना अजून एकदा बघायचंय, येताना पोटभर खाऊन या. माणूस निमूटपणे खाऊन यायचा. पुढेपुढे जे डॉक्टर बोललेच नव्हते तेही ती त्यांच्या नावावर सांगू लागली. डॉक्टर म्हणतात, ब्रश बदला. डॉक्टर म्हणतात, मुलाला रात्री गोड देऊ नका. टेबलावरच्या बाईचं कोण ऐकतं? डॉक्टरांचं सगळे ऐकत.

घरीही तसंच होत गेलं. मंडळात काय बोललं गेलं ते ती घराच्या कोपऱ्यापर्यंत डोक्यात ठेवायची आणि तिथून पुढे स्वतःला काय वाटलं ते घेऊन जिना चढायची. गंभीर गोष्टी ती मास्तरांच्या नावावर टाकायची, टोचणाऱ्या गोष्टी औषधवाल्याच्या. आवाज काढून टाका, मास्तर म्हणाले. बादली दोनदा कशाला, औषधवाला म्हणाला. नवरा ऐकायचा, रुसायचा, दोन दिवस अबोला धरायचा आणि तिसऱ्या दिवशी संगणकापुढे बसून तसंच करायचा. फिल्मा हळूहळू सुधारल्या. मंडळातले लोक झोपायचे थांबले.

नवऱ्याच्या मनात औषधवाल्याविषयी इतका आदर साठला की जवळ दुसरं दुकान असताना तो आक्कांच्या गोळ्या आणायला चौक ओलांडून जाऊ लागला. एकदा त्यानं दुकानात जाऊन सांगितलंसुद्धा, “तुमचं ते सावलीबद्दलचं अगदी बरोबर होतं.” औषधवाल्याला दिवसभरात काउंटरवरून शंभर लोक काहीबाही सांगत असतात. तो म्हणाला, “हो ना.” खरा औषधवाला प्रत्येक फिल्मवर एकच वाक्य बोलायचा: छान आहे, मागे संगीत असतं तर अजून छान. नेमकं ‘दार’ या फिल्मच्या वेळी त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं असं मत झालं, आणि ते त्याच्या लक्षात राहिलं.

मुलगी कामावरून आली तेव्हा बाप खिडकीशी पाठमोरा उभा होता, आई मटार परतत होती आणि टीव्हीवर बातम्या देणारा नुसताच तोंड हलवत होता.

“काय झालं?” तिनं आत्याला विचारलं.

“तुझ्या आईनं दहा वर्षं तुझ्या बापाला फसवलं,” आक्का म्हणाल्या. “चहा टाक.”

मुलीनं चहा टाकला. तो उकळेपर्यंत आक्कांनी तिला सगळं सांगितलं, ऐकत नसूनही अगदी तपशीलवार.

चहा झाल्यावर नवऱ्यानं संगणक टीव्हीला जोडला. “बसा सगळे,” तो म्हणाला. मग त्यानं फिल्मा एकामागून एक लावायला सुरुवात केली, पहिलीपासून. काही पूर्ण, काही जिथे प्रश्न होता तेवढ्याच.

“ही निम्मी कर, कोण म्हणालं?”

“मी.”

“हा आवाज काढायला कोणी सांगितलं?”

“मी.”

“बादली?”

“मीच.”

“इथे शेवटी पांढरा पडदा आहे तो?”

“तो तुमचाच. त्यावर मी काही बोलले नव्हते.”

“चला, एक तरी माझं निघालं.”

“बाबा, पण चांगल्या आहेत की या,” मुलगी म्हणाली.

“चांगल्या आहेत हीच तर अडचण आहे.”

“मला पहिल्यापासून एकही कळली नाही,” आक्का म्हणाल्या. “पण मला कोणी कधी ऐकायला पाठवलंच नाही. मी आले असते आणि जे असेल ते सांगितलं असतं.”

“म्हणूनच पाठवलं नाही,” नवरा म्हणाला. मग वहिनीकडे वळला. “आता ते खरं काय म्हणाले होते ते सांग. आठवत असेल तर.”

वहिनीला सगळं आठवत होतं. जे पोचवलं नाही तेच जास्त आठवत होतं. तिनं सांगायला सुरुवात केली, फिल्म लागेल तसं, जसंच्या तसं, आवाज न चढवता. पंचनामा हा शब्द ऐकून नवरा चक्क हसला. ‘या गृहस्थांना घरात दुसरं काम नाही का’ यावर तो हसला नाही, पण आक्का हसल्या. हे सगळं वहिनीच्या अंदाजापेक्षा सोपं जात होतं. इतकी वर्षं ती ज्या शब्दांपासून त्याला जपत आली ते शब्द त्याला फारसे लागतच नव्हते. एक्स-रेच्या खोलीत रोज मोडलेली हाडं बघणारा माणूस तो. त्याला लागत होतं ते निराळंच.

“‘दुपार’ राहिली,” मुलगी म्हणाली. “ती का नाही लावली?”

“ती नको. ती फसली होती. ती सोडून दिलीय मी.”

वहिनीनं मांडीवरच्या उशीचा अभ्रा सरळ केला.

“त्या वेळचा निरोप तरी खरा होता ना?” नवऱ्यानं सहज विचारलं. “मास्तरांचा. फिल्म बरी आहे, पण घरातलं माणूस असं बाहेर दाखवू नये.”

इथे तिला सुटता आलं असतं. हो म्हणायचं, की संपलं. मास्तर म्हातारे होते, त्या एका रविवारचं नेमकं काय बोललो ते त्यांनाही आठवलं नसतं. आक्का खुर्चीत पुढे सरकल्या होत्या.

“नव्हता खरा,” वहिनी म्हणाली.

“म्हणजे?”

“त्यांना आवडली होती.”

“कोणाला?”

“सगळ्यांना.”

‘दुपार’मध्ये वहिनी झोपलेली होती. सुट्टीच्या दिवशी जेवणानंतर ती आडवी झाली होती आणि नवऱ्यानं खाटेच्या पायथ्याशी कॅमेरा लावून ठेवला होता. तोंड थोडं उघडं, एक हात खाटेबाहेर लोंबणारा, केसांना लावलेला चिमटा अर्धा निसटलेला. एक माशी मनगटावर बसते, उडते, पुन्हा बसते. बाहेर कोणी हाक मारतं, आणि झोपलेल्या बाईच्या कपाळावर आठी येऊन जाते, पण ती उठत नाही. बस, एवढंच. आपलं असं काही चित्रण झालंय हे वहिनीला त्या खोलीतल्या काळोखात, पडद्यावर बघतानाच कळलं.

उजेड लागला. मग एक कॉलेजातली पोरगी म्हणाली की मला माझ्या आईची आठवण आली, मी तिला कधी झोपलेलं बघितलंच नाहीये. मास्तर म्हणाले, ही बाई दमलेली आहे आणि कॅमेरा तिला उठवत नाही. याला प्रेम म्हणतात, आणि इतक्या वर्षांत आपल्या मंडळात ते पहिल्यांदा दिसलं. मंडळींनी माना डोलावल्या. ती बाई शेवटच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली होती आणि नियमाप्रमाणे गप्प होती. तिच्याकडे कोणी बघितलंही नाही.

हे तिनं आता सांगितलं, पण मास्तरांचं ते वाक्य सांगताना ती नवऱ्याकडे न बघता टीव्हीच्या वायरीकडे बघत होती.

“आणि तू घरी येऊन काय सांगितलंस?”

“तुम्हाला माहीत आहे काय सांगितलं ते.”

“पुन्हा सांग.”

“म्हटलं, बरी होती म्हणाले. पण घरातलं माणूस बाहेर दाखवू नका.”

नवरा उठला आणि त्यानं टीव्ही बंद केला.

“त्यानंतर ‘दार’ करेपर्यंत मी एकाही माणसावर कॅमेरा धरला नाही,” तो म्हणाला. “बादल्या, दोऱ्या, जिने. मला वाटायचं, माझ्यात ते नाहीच. मंडळाला जे आवडलं ते मला ठाऊकच नाही, आणि जे आवडत नव्हतं तेवढं तू सुधारत बसलीस.”

“मंडळातले लोक पुढे दरवर्षी मला विचारायचे,” वहिनी म्हणाली. सांगायचंच तर सगळं सांगून टाकावं असं तिला झालं होतं. “तसलं पुन्हा का करत नाहीत, म्हणून.”

“आणि आता ‘दार’मध्ये शेवटी तू आत येतेस, तर तेही तोडलंस.”

“हो.”

“का पण? आवडलं नव्हतं तर सांगायचं होतंस मला.”

“सांगितलं की. मास्तरांच्या तोंडून सांगितलं.” तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. “आणि तुम्ही विचारलं होतंत मला? मी झोपलेय, तोंड उघडं टाकून, आणि तुम्ही कॅमेरा लावून ठेवता. डझनभर परक्या लोकांबरोबर बसून मी ते बघायचं, वर गप्प बसायचं, आणि त्यांना ते किती आवडलं हे घरी येऊन मीच तुम्हाला सांगायचं. कसं सांगायचं? भाजी वाढता वाढता सांगायचं का, की अहो, मास्तर म्हणाले, तुमचं माझ्यावर प्रेम आहे?”

मुलगी एकदम उठून कपबशा गोळा करायला लागली. आक्कांनी पहिल्यांदाच खरोखर दुसरीकडे बघितलं.

नवरा म्हणाला, “विचारायला हवं होतं, हे खरं आहे.” मग म्हणाला, “पण ते वाक्य माझं होतं. ते तू ठेवून घ्यायला नको होतंस.” ते बरोबर होतं हे वहिनीला कळत होतं. “मी मास्तरांना कळवतो,” तो पुढे म्हणाला, अगदी हॉस्पिटलातल्या आवाजात. “उद्याचा रविवार आपला आहे, पण सुधारलेली ‘दार’ दाखवत नाही मी. आणि आता पुरे. या फिल्मा माझ्या आहेत की तुझ्या, हेच मला कळेनासं झालंय. ते कळेपर्यंत कॅमेऱ्याला हात लावणार नाही.”

भांडण तेवढ्यावर थांबलं. जेवणं झाली. मटार खारट झाले होते, पण कोणी बोललं नाही. आक्काही नाहीत, यावरून घराची अवस्था कळावी.

सकाळी नवरा आंघोळीला गेला तेव्हा वहिनीनं संगणक उघडला. ‘दार’ तिथे दोन प्रकारे ठेवलेली होती, जुनी आणि नवी. तिनं जुनी लावली. कॅमेरा घराच्या आतून दाराकडे बघत असतो. मुलगी येते, चप्पल भिरकावते, निघून जाते. आक्का येतात, दाराला हात टेकून दम घेतात. दूधवाला, शेजारीण, वीजमीटर बघणारा माणूस. मध्ये बराच वेळ नुसतं बंद दार. आणि शेवटी दार उघडून ती स्वतः येते, दोन्ही हातांत पिशव्या.

तिनं ते तीनचार वेळा मागे नेऊन बघितलं. दार उघडतं तेव्हा तिचा चेहरा दिवसभर टेबलामागे बसून उरतो तसा असतो, कोणासाठीच न ठेवलेला. मग तिला समोर नवरा दिसतो. कॅमेरा नाही, नवरा. तो कॅमेऱ्याच्या बाजूला उभा असणार. आणि चेहरा बदलतो. फार नाही. हा असा बदलतो हे तिला ठाऊक नव्हतं. मग ती पिशवी खाली ठेवते आणि म्हणते, “दूध आणायला विसरलात ना?” आणि फिल्म संपते.

दार उघडतं तिथेच तोडा, हे तिनं फिल्मसाठी म्हटलं होतं की स्वतःला वाचवायला, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला. प्रामाणिक उत्तर असं होतं की दोन्ही. त्या वेळी तिची खात्री होती की फिल्मला तेच बरं. आता तसं वाटत नव्हतं. पण मंडळ म्हणत होतं तसंही नव्हतं. पिशवी खाली ठेवल्यापासून पुढचं सगळं फुकट होतं. दुधाचं वाक्य आलं की लोक हसत, आणि हसले की चेहऱ्याचं विसरत. त्या रविवारी खोलीत नेमकं तेच झालं होतं; औषधवाला सगळ्यांत मोठ्यानं हसला होता.

तिनं संगणक मिटला आणि फोन घेऊन बाल्कनीत गेली. बोलणं फार लांबलं नाही. आत आली तेव्हा आक्का उठून बसल्या होत्या.

“कोणाशी बोलत होतीस गं?”

“मास्तरांशी.”

“त्यानं कळवलं वाटतं, दाखवत नाही म्हणून?”

“त्यांनी अजून काही कळवलेलं नाही.”

नवरा केस पुसत बाहेर आला. टेबलाशी बसला. मुलीनं पाव भाजले होते, ते तिनं सगळ्यांपुढे ठेवले. वहिनी उभीच होती.

“‘दार’चा शेवट चुकलाय,” ती नवऱ्याला म्हणाली. “मी आत येते तिथपर्यंत ठेवा. चेहरा दिसला पाहिजे. पिशवी खाली ठेवते त्याच्या आधी तोडा. दुधाचं वाक्य नको.”

नवऱ्यानं पावाला लोणी लावायचं थांबवलं. “हे मंडळाचं म्हणणं?”

“नाही. त्यांना दूधही हवं होतं. हे माझं म्हणणं आहे.”

“आणि तुला चालेल? तो चेहरा?”

“मला चालेल की नाही हे तुम्ही आज पहिल्यांदा विचारताय.” तिनं एक पाव उचलला. “चालेल. ‘दुपार’ पुन्हा दाखवायची असेल तर आधी मला घरी दाखवा, मग बघू.”

तो पावाकडे बघत राहिला. दाखवणार की नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं, आणि वहिनीनं त्याची वाट बघितली नाही.

“आजपासून मंडळात ऐकायला आक्का जातील,” ती सगळ्यांना म्हणाली. “आक्का, जे ऐकाल ते घरी येऊन तसंच सांगायचं, काही गाळायचं नाही. मी सभासद होतेय. मास्तरांशी बोलणं झालंय माझं. आतापर्यंत कोणाच्या नावावर काय काय खपवलं ते आधी तिथं सांगणार, आणि मग फिल्मा बघून मला जे म्हणायचं ते म्हणणार. तुम्ही ‘दार’ दाखवा नाहीतर दाखवू नका, मी जाणार आहे.”